तिरपी बाज

१९६४ चा वैशाख, मंगळवार, तुळजापूर. हजर: वडील, आई, धाकटे काका आणि मी. वडिलांचा उजवा गुडघा सुजून लाल झाला होता आणि देवीच्या पूजेची आमच्या घराची पाळी पुढच्याच महिन्यात होती. मांडी घालता आली नाही तर ती भाऊबंदांकडे जाईल, हीच त्यांना धास्ती होती.

सोलापूरच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. गुडघ्यातल्या गादीत कॅल्शियमच्या बारीक खड्यांची पांढरी रेघ दिसली. त्यांनी सुईने सांध्यातलं गढूळ पाणी काढलं, गोळ्या दिल्या आणि पाय सरळ ठेवून पडून राहायला सांगितलं.

अडचण घरी आल्यावर कळली. आमच्या अरुंद खोलीत बाज दक्षिणोत्तरच मावायची आणि देऊळ उत्तरेला होतं. वडील गुडघा दुमडूनच पडले.

"अहो, पाय लांब करा की," आई म्हणाली.

"देवीकडं पाय करून निजू व्हय?"

"मग डोकं करा उत्तरेला. सारं गाव खांदा द्यायला येईल!"

काका हसत उठले. "वहिनी, तिकडून धरा."

दोघांनी बाज तिरपी केली. पाय देऊळ चुकवून कोपऱ्याकडे गेले. दार अर्धंच उघडू लागलं, पण वडिलांनी पाय पसरला. सूज उतरली आणि पाळी त्यांनीच केली.

आता तिघंही नाहीत. त्या दारातून मी अजून अंग चोरून आत जाते. बाज सरळ करायची राहिली आहे.