आत्याच्या उशाशी गोळ्यांचा डबा

वृद्धाश्रमात आत्या आपली औषधं आपल्या हातानं घेते. तिथं बहुतेकांचे डबे सिस्टरच्या कपाटात गेलेत, हिचा अजून उशाशी आहे. केवढा तोरा तिला त्याचा! चूक झाली की तोही कपाटात जाणार, हे तिला चांगलं ठाऊक आहे.

परवा मी गेले, तर रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी हातात धरून ती विचारात बसलेली. मला वाटलं, आता गुपचूप एक गिळून टाकेल. तर तिनं सरळ हाक मारली, "सिस्टर, सकाळची गोळी घेतली की नाही, आठवत नाही बघ."

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. परीक्षेत न येणारा प्रश्नसुद्धा मी कधी कोरा सोडला नाही. 'आठवत नाही' म्हणायला केवढी छाती लागते, ते मला विचारा. इथं तर डबाच जायची भीती.

सिस्टरनं रक्तदाब मोजला, डॉक्टरांना फोन केला. मग म्हणाली, "आजी, आज आता घेऊ नका, उद्याची वेळेवर घ्या. आणि डबा राहू दे तुमच्याकडेच. विचारलंत ना, मग मला घोर नाही."

आत्यानं डबा उशाशी सरकवला. "मग चहा पाठव बाई. तो घेतला नाही, हे पक्कं आठवतंय."