न फुटलेला नारळ

"त्याच्या नारळात शिसे ओतलेले होते!" आमच्या गिरगावच्या चाळीत ही कथा आजही छातीठोकपणे सांगतात. सांगणाऱ्यांपैकी एकही जण त्या नारळी पौर्णिमेला अलिबागेस नव्हता; मी होतो.

ज्यांच्यावर हा आळ, ते माझ्या शेजारच्या खोलीतील कारकून दोन दिवसांच्या सुट्टीलाही पगडी, उपरणे आणि छत्री घेऊनच माझ्याबरोबर अलिबागेच्या मचव्यात बसले. बाजारात एक नारळ निवडायला त्यांनी तासभर घेतला. प्रत्येक नारळ कानाशी धरून ते टिचकी मारीत आणि "माफ करा, आपण नको," असे त्यालाच अदबीने सांगून खाली ठेवीत.

किनाऱ्यावर नारळ लढवण्याचा खेळ चालला होता. नारळावर नारळ आपटायचा. ज्याचा फुटेल तो हरला. यांनी एका हाताने पगडी सावरीत अकरा कोळ्यांना हरवले. बारावा हरताच ओरडला, "रावसाहेब, तुमचे नारलान शिसा भरलाय! फोरून दावा!"

लोक हसले. कचेरीतील शाईचा थेंबही घरी न आणणारा हा माणूस पांढराफटक पडला.

"फोडा की हो!" मी म्हणालो.

"अहो, समुद्राला वाहायचा आहे. फुटका कसा वाहू?"

ते गुडघाभर पाण्यात शिरले आणि नमस्कार करून त्यांनी नारळ सोडून दिला.

पुरावा नाहीसा केला, असे चाळीतील विद्वान म्हणतात. पण शिसे भरलेला नारळ तत्क्षणी तळ गाठतो. यांचा नारळ सर्वांच्या डोळ्यांदेखत लाटांवर डुलत होड्यांच्याही पुढे गेला.