भाऊसाहेबांची राळ

कुठल्याही कारखान्यात मालाबरोबर थोडेफार किस्सेही तयार होतात. आमच्या कारखान्यात माल फारसा तयारच होत नसे, त्यामुळे सगळी जागा किश्श्यांना मोकळी होती! अजूनही चार मित्र जमले की कोणीतरी म्हणतंच, "ते भोरचं सांग." मग मी सांगतो. नाहीतरी त्या नोकरीतून मला दुसरं काय मिळालं?

दुसरी मोठी लढाई सुरू होण्याआधीची गोष्ट. भाऊसाहेब पुण्याला केमिस्ट्री शिकले आणि भोरला परत येऊन त्यांनी नदीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये राळेचा कारखाना काढला. झाडाची राळ नव्हे, घरी बनवलेली. कार्बोलिक आणि फॉर्मेलिन एकत्र शिजवायचं. आधी ते काकवीसारखं वाहतं, मग घट्ट होतं, आणि तापवून एकदा पक्कं झालं की विरघळत नाही की वितळत नाही. कामगार दोन. हिर्डोशीचा कोंडीबा आणि मी. मी मॅट्रिक नापास होतो, म्हणून मला असिस्टंट म्हणायचे. ढवळायचो मात्र दोघंही.

भाऊसाहेबांच्या सासऱ्यांचं पुण्यात कापडाचं दुकान होतं. जावई वासाचे काढे उकळत बसतो हे त्यांच्या कानावर गेलं आणि त्यांचा निरोप आला. दिवाळीच्या आत लोकांच्या उपयोगाची एक तरी वस्तू करून दाखवा, नाहीतर शेडला कुलूप लावा आणि दुकानात येऊन कापड मोजायचा गज धरा. भाऊसाहेबांना वाघाची भीती वाटत नसे, पण गजाचं नाव काढलं की ते जेवणावरून उठत. आम्हालाच त्यांची कीव यायची.

* * *

पहिली राळ शिजली ती वहिनींच्या पितळी पातेल्यात. वहिनी म्हणजे भाऊसाहेबांच्या पत्नी. पातेलं विचारून घेतलं होतं, आमटीची पळी न विचारता. ढवळता ढवळता भाऊसाहेब आम्हाला समजावू लागले, की यातले बारीक बारीक कण फेर धरल्यासारखे एकमेकांचे हात धरतात आणि मग सोडत नाहीत. आम्ही ऐकत राहिलो. कणांनी तेवढ्यात हात धरले, आणि पळी मधोमध उभी राहिली ती राहिलीच.

कोंडीबानं ओढली, मी ओढली. शेवटी पातेलं उपडं घालून बडवलं तेव्हा राळेचा अख्खा गोळा पळीसकट बाहेर आला. आता वहिनी काय म्हणतात म्हणून आम्ही तिघं भिंतीला लागून उभे. त्यांनी तो गोळा पळीला धरून उचलला, वजन पाहिलं, अंगणात गेल्या आणि पावसानं उखडलेली जमीन चोपायला लागल्या. इतकं सपाट अंगण आळीत कोणाचं झालं नाही. शेजारणी ते चोपणं उसनं नेऊ लागल्या.

"निदान एक वस्तू झाली," वहिनी म्हणाल्या. "पण वडिलांना ही दाखवू नका."

* * *

मग बटणं. दूध नासवून त्याचा चोथा फॉर्मेलिनमध्ये मुरवला की शिंगासारखा टणक होतो, त्याची बटणं कापायची. दूध द्यायला वरच्या वाडीवरचा म्हाकू धनगर यायचा. दुधाची बटणं करतात हे ऐकून तो कोंडीबाला बाजूला घेऊन मालकाला घरात खायला देतात ना, असं विचारून गेला.

बटणं झाली मात्र सुरेख! भाऊसाहेबांनी आपल्या कोटाला लावली. फक्त धुण्यात गेली की ती भिजून पापडाच्या लाटीसारखी मऊ पडत. एकदा कोट कुंपणावर वाळत घातला होता आणि म्हाकू दूध घेऊन आला तो शेळ्यांसकट. आम्ही दूध मापून बाहेर येईपर्यंत एका शेळीनं कोटाची सगळी बटणं खाल्ली होती. भाऊसाहेब संतापले. फॉर्मेलिनमधलं खाऊन ती मरेल की काय या काळजीनं मग स्वतःच तिच्याजवळ बसून राहिले. शेळी मजेत रवंथ करत होती.

म्हाकूनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "तिचंच दूध हाय मालक. माघारी घेतलं तिनं."

* * *

इरल्यांचं मात्र जमायलाच हवं होतं. भातलावणीला बाया डोक्यावरून पाठीपर्यंत इरलं घेतात, बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं. त्याला आम्ही राळेचं रोगण दिलं आणि भट्टीच्या धगीवर धरून पक्कं केलं. वरून घागर ओतली तरी आत थेंब नाही. कोंडीबानं अभिमानानं ती इरली हिर्डोशीला आपल्या आईच्या लावणीवर नेली.

चार दिवसांनी म्हातारी सगळी इरली घेऊन भोरला हजर. गळतात का? नाही. जड आहेत? नाही. मग झालं काय? झालं असं, की त्या कडक रोगणावर पाऊस ताशासारखा वाजायचा. शेजारच्या बाईचं ऐकू येईना. गाणं एकीनं म्हटलं तर दुसरीला कळेना की सुरू झालंय. दोघींत त्या आवाजामुळेच भांडण लागलं, आणि तेही धड ऐकू येईना म्हणून अर्धवट राहिलं!

"भिजल्यालं परवाडलं, बाबा," म्हातारी म्हणाली. "पर बोलल्याबिगर लावणी कशी व्हायची?"

भाऊसाहेबांच्या केमिस्ट्रीत तो धडा नसावा.

* * *

दिवाळी जवळ येत चालली. त्यात भाऊसाहेबांनी एका विलायती मासिकात वाचलं की अशीच राळ कुटून तिच्यातून जड पाणी गाळलं की ते हलकं होतं, डाळ लवकर शिजते, साबणाला फेस येतो. झालं! रांजणाला भोक पाडलं, आत कुटलेली राळ भरली आणि बैलगाडीतून ते धूड वेल्ह्याच्या बाजाराला नेलं.

भर बाजारात भाऊसाहेबांनी आधी विहिरीच्या साध्या पाण्यात साबण घासला. फेस येणार नाही असा त्यांचा हिशेब होता. तोरण्याच्या पायथ्याचं पाणी ते, मुळातच हलकं! फेस हातावरून कोपरापर्यंत गेला. मग रांजणातल्या पाण्यात घासला. ते पाणी चहासारखं तांबूस आलं आणि फेस कमीच झाला. आम्ही मान खाली घालून गाडी जुंपली.

विंझरपर्यंत येतो तोवर बातमी आमच्या पुढं गेली होती. एका दुकानदारानं गाडी थांबवून आम्हाला शेंगा दिल्या आणि भाऊसाहेबांना हात जोडले. "लई उपकार झालं. आमच्या हितलं पानी पुन्याच्या सायबानं पास केलं म्हनं."

* * *

आता शेवटचा.

सासरे येणार असल्याचा निरोप आला तेव्हा भाऊसाहेबांकडे दाखवायला फक्त एक होडी होती. भोरजवळच्या धरणाला वळसा घालायचा तर दिवस मोडायचा, म्हणून पाण्यावरून माणसं पलीकडे नेणारा विठू नावाडी, त्याची होडी गळायची. तिला आम्ही बुडापासून रोगण दिलं होतं. पण इरली भट्टीवर धरता आली, होडी कशी धरणार? उन्हात वाळेल म्हटलं तर आभाळ आलेलं. रोगण ओलं असतानाच विठूनं आदल्या संध्याकाळी ती काठच्या कातळावर सरळ करून ठेवली. सकाळी धरणाचं पाणी चढलं होतं आणि होडीचा पुढचा अर्धा भाग छान पाण्यात होता.

सासरेबुवा सर्व्हिस मोटारीनं आले ते थेट काठावर. त्यांना पाण्याची भारी भीती. पण शब्दाचा माणूस! बसतो म्हणाले, या काठावरून त्या काठावर जातो; पाय कोरडे राहिले तर कारखाना राहील, भिजले तर दुकान. मग ते होडीत मधोमध बसले, डोळे घट्ट मिटले आणि रामरक्षा म्हणू लागले.

विठूनं वल्हं मारलं. होडी हलेना. कोंडीबानं आणि मी मागून रेटा दिला. हलेना. बुडाच्या राळेनं कातळ धरला होता तो धरलाच होता. आम्ही भाऊसाहेबांकडे पाहिलं. ते सासऱ्यांशेजारी पांढरेफटक होऊन बसले होते. विठूला काय सुचलं कोण जाणे, तो जागच्या जागी वल्हं मारतच राहिला. पाणी चुबुक चुबुक वाजत होतं, रामरक्षा चालली होती, आणि आम्ही सगळे तिथंच होतो.

रामरक्षा संपली. सासरेबुवांनी डोळे न उघडताच विचारलं, "पोहोचलो?"

"व्हय," कोंडीबा म्हणाला.

सासरेबुवा उतरले. होडीच्या तळाला हात लावून पाहिला. कोरडा खडखडीत. सगळीकडे सावकाश नजर फिरवली, छत्री उघडली आणि म्हणाले, "परत मात्र होडीनं नको. मी पायी येतो." आणि कोणाला वाट न विचारता भोरच्या रस्त्याला लागले.

आम्ही पाय ओढत मागून घरी पोहोचलो. मला तर भाऊसाहेबांच्या हातात गज दिसायला लागला होता. घरात सासरेबुवांचं पान मांडलेलं, आणि ते भात कालवत होते. आम्ही दारातच थबकलो.

"चालू ठेवा कारखाना," भाताकडे बघतच ते म्हणाले. "आणि जावईबापू, धरणाला वळसा घालून यायला दिवस लागतो म्हणतात ना लोक, ते काही खरं नाही हो."