मिलिंदची टकटक

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी कापूरहोळच्या फाट्यावर भोरच्या एसटीची वाट बघत उभी होते. फोन रोहितचा, आमच्या बँडच्या कीबोर्डवाल्याचा. "ताई, आपला मिलिंद..." एवढंच बोलला. कावीळ झाली होती हे माहीत होतं. पण टेम्पोतली तांदळाची पोती एकट्यानं उतरवणारा, चाळिशीही न गाठलेला माणूस असा जातो कसा? समोरच्या ढाब्यावर कुणीतरी कढईवर झारा आपटत होतं. मिलिंद असता तर लगेच बाकावर बोटांनी ठेका धरला असता, हे मनात आलं आणि चारचौघांत मला रडू कोसळलं.

मिलिंद विंझरचा. जयंतीच्या मिरवणुकीत ताशा वाजवत मोठा झाला, पुढं कुठून तरी जुना ड्रमसेट पैदा करून त्यानं सगळ्या आळीची झोप उडवली. मी भोरची, आठवडाभर पतसंस्थेत मान खाली घालून काम करणारी आणि रविवारी गिटार गळ्यात अडकवून ओरडणारी. "आपल्यात असलं कुणी केलं नव्हतं," हे माझ्या घरातलं तेव्हाचं पालुपद. रोहित धरून आम्ही तिघं. पानशेतच्या हॉटेलांत, गणपतीच्या मांडवात, मिळेल तिथं वाजवायचो. अल्बम काढायचं खूळ मात्र मिलिंदचं. त्याच्या घरी भाताची पोती आढ्यापर्यंत रचलेली एक खोली होती. त्या पोत्यांमुळं आवाज घुमायचा नाही, इतका मऊ यायचा की स्टुडिओ झक मारेल. तिथंच रेकॉर्डिंग करायचं ठरलं.

पण आमची गाणी तयार होईपर्यंत भात गिरणीला गेला! खोली रिकामी झाली आणि ड्रमवर काठी पडली की विहिरीत हंडा पडल्यासारखं घुमायला लागलं. शेवटी रोहित चाचरत म्हणाला, की सगळं कॉम्प्युटरवर करू, ड्रमसुद्धा. रॉकचं इलेक्ट्रॉनिक पॉप होईल, पण अल्बम तरी होईल. मी मिलिंदकडं बघायचं टाळलं. त्याचा जीव त्या ड्रममध्ये. तो म्हणाला, "मग काय, पुन्यांदा भात पेरून उगवायची वाट बघायची व्हय? लाव मशीन." स्वतःच्या हातानं त्यानं ड्रमसेटवर चादर टाकली. चादरीची टोकं मात्र तो बराच वेळ सारखी करत होता...

मग त्यानं रबरी पॅड आणलं. त्यावर काठी मारली की मशीनचा आवाज थेट हेडफोनमध्ये, बाहेर नुसती टकटक. गाण्यासाठी खोली जरा मुकी करायला त्याच्या आईनं घरातल्या सगळ्या गोधड्या दिल्या, त्या आम्ही चहूबाजूंनी टांगल्या. मी तालात कच्ची. कानात मशीनचा ठोका असूनही घसरायचे. म्हणून मी गाताना मिलिंद समोर बसून पॅडवर ठेका धरायचा आणि मी त्याचे हात बघत गायचे. चुकले तर फक्त भुवई उडवायचा, पुन्हा पहिल्यापासून. भिंतीपलीकडं सैपाकघरात आईंना ऐकू जायची ती माझी बिनवाद्याची आळवणी आणि ही टकटक. एकदा त्या चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "ही एकटीच रडल्यावानी गाती, तू नुस्तं टकटक करतूस. ह्याला बँड म्हंत्यात व्हय रं?" हसून हसून आमची पुरेवाट झाली.

माझ्या आवाजामागं ती टकटक बारीक उमटली होती. शेवटी मिलिंदनंच रोहितला सांगितलं, "ती काढून टाक. ताईचा आवाज सोच्छ आला पायजे." अल्बम झाला तेव्हा त्यानं तो टेम्पोत लावून आईंना ऐकवला. "लई ग्वाड हाय. पर ह्यात तू कुठं हाईस?" त्यांनी विचारलं. "समदीकडं," तो म्हणाला. आमचा अल्बम काही फार गाजला नाही. पण आज मी चार लोकांपुढं न बिचकता गाते, ती त्या हातांच्या जिवावर. हे त्याला एकदा सांगितलं होतं; "पुरं की, ताई," म्हणून त्यानं विषय उडवून लावला होता. आज पुन्हा सांगते.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपल्यावर पाहुणे पांगले आणि आईंनी माझा हात धरून मला त्या खोलीत नेलं. "टेम्पोत ते गानं लावून बघितलं गं. पर त्यो मला घावंना. त्यो ह्यात कुठं हाय, तेवढं दाव." मी काय दाखवणार? मशीनचे ड्रम त्यानंच वाजवले होते, पण ते आईंना कसे ओळखू यावेत! मी रोहितला फोन लावला. न साफ केलेलं माझं कच्चं गाणं त्यानं जपून ठेवलं होतं, ते त्यानं मोबाईलवर पाठवलं. मी लावलं. माझा एकटा, उघडा आवाज... आणि त्याच्यामागं टक, टक, टक.

आईंनी डोळ्याला पदर लावला. थोडं ऐकलं आणि एकदम उठल्या. मला वाटलं सोसवेना. मी बंद करायला हात पुढं केला.

"बंद नगं करू," त्या दारातून म्हणाल्या. "हितनं न्हाई गं, म्या सैपाकघरातनंच ऐकायची. तू वाजू दे, म्या चा टाकते."