एकोणीस मार्चचा रिकामा चौकोन

गेले दोन आठवडे माझी लेक फोनवर ‘मी ठीक आहे’ म्हणते आहे, आणि ते माझ्या डोक्यातून जात नाही. ती ठीक कधी नसतेच. एक तर ‘मस्त’ असते, नाहीतर ‘आई, सगळं संपलं’ असते. सगळं संपलेलं असलं तर साधारण तासाभरात पुन्हा फोन येतो की किल्ली पर्समध्येच होती. सव्वीस वर्षांत ‘ठीक’ हा शब्द मी तिच्या तोंडून दोनदाच ऐकला. एकदा हात मोडला होता तेव्हा आणि एकदा गणितात नापास झाली होती तेव्हा.

घरी आम्ही तिला अनुस्वार म्हणतो. जन्मली तेव्हा एवढीशी होती, गोल डोकं आणि बाकी नुसतं दुपटं. तिचे बाबा शाळेत भाषा शिकवायचे. पाळण्यात डोकावून म्हणाले, “ही तर अनुस्वार आहे.” मला राग आला होता. पण पुढे नाव अगदी शोभून दिसलं, कारण आमची बाई सतत कुणाच्या तरी डोक्यावर बसलेली असायची, आणि नसली तर घराचा अर्थच बदलायचा.

तारखांचं वेड तिला कुठून लागलं कोण जाणे. आठवीत असताना तिनं एक वही केली. दर महिन्याला काही पानं, दर तारखेला चार ओळी. जगात त्या दिवशी काय घडलं ते वर, आणि आमच्या घरात काय घडलं ते खाली. वही अजून माझ्या कपाटात आहे. ‘१३ मार्च. १७८१ साली युरेनस ग्रह सापडला. आज आईची चप्पल सापडली.’ ‘३१ मार्च. १८८९ साली आयफेल टॉवर उघडला. आमचं लोखंडी कपाट अजून उघडत नाही.’ पाहुणे आले की तिचे बाबा ही वही काढून मोठ्यानं वाचायचे आणि ती दाराआडून ओरडायची, “बाबा, ती खासगी आहे!”

पुढे तिनं इतिहासात पदवी घेतली आणि नोकरी शोधायला लागली. पहिल्या मुलाखतीत तिनं समोरच्या साहेबांना सांगितलं की तुमच्या पाटीवरचं स्थापनेचं वर्ष आणि लेटरहेडवरचं वर्ष जुळत नाही. नोकरी मिळाली नाही, पण पाटी बदलली म्हणे. मग ती तासाभरावरच्या मोठ्या शहरात एका छापखान्यात गेली. ते लोक भिंतीवरचं कॅलेंडर काढतात, दर तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात दिनविशेष असलेलं. हिनं जुनं कॅलेंडर बरोबर नेलं होतं, तेरा ठिकाणी लाल खुणा करून.

मालकांनी चष्मा कपाळावर चढवला. “चूक काढायला आलीस की नोकरी मागायला?”

“दोन्ही,” ही म्हणाली.

त्यांनी तिला दुसऱ्याच दिवशी प्रुफं तपासायला बसवलं. शिंप्याच्या दुकानावरची एक खोली तिनं भाड्यानं घेतली. मी पाहायला गेले तेव्हा कागद कापायचं यंत्र धडधडत होतं, शाईचा वास नाकात बसला होता, आणि ही दोऱ्यानं बांधलेल्या प्रुफांच्या गठ्ठ्यांमध्ये उभ्या उभ्या डबा खात होती. “बसून खा गं,” म्हटलं तर म्हणे, “बसायला जागा केली तर फेब्रुवारी हलवावा लागेल.”

दोन वर्षांनी मालकांनी तिला पहिल्यांदा एक महिना स्वतंत्रपणे करायला दिला. मार्च. तो चांगला जमला तर पुढच्या कॅलेंडरचं अख्खं वर्ष तुझं, असं म्हणाले. त्या दिवशी ती ‘मस्त’ नव्हती, त्याच्याही पलीकडे काहीतरी होती. फोनवर नुसती हसत होती.

मग रोज फोन. छापखान्याचा नियम असा की माणूस हयात असेल तर ‘वाढदिवस’ लिहायचं आणि नसेल तर ‘जयंती’. आइनस्टाइन चौदा तारखेला, जयंती. क्ष-किरण शोधणारा राँटगेन सत्तावीस तारखेला, जयंती. अठराला माणूस पहिल्यांदा यानातून बाहेर पडून अंतराळात तरंगला. पण एकोणीस तारखेला तिची गाडी अडली.

“आई, एकोणीसला काही चांगलं घडतच नाही गं! सगळ्या लढाया आणि भूकंप. आमच्या मालकांना चौकोनात रक्त नको असतं.”

“आदल्या दिवशी अंतराळात जाऊन दमले असतील,” तिचे बाबा मागून म्हणाले.

मी तेव्हा ओट्याशी होते, फोन खांद्यात धरलेला. मला एकदम आठवलं. “अगं, आमच्या बसवाल्या बाईंचा वाढदिवस असायचा एकोणीस मार्चला. आपल्या भागातली बस चालवणारी पहिली बाई. मी कॉलेजला त्यांच्याच गाडीनं जायची. त्या दिवशी इंजीन चालू ठेवून सगळ्या गाडीला पेपरमिंटच्या गोळ्या वाटायच्या, मग गिअर टाकायच्या.”

“आई, तू ग्रेट आहेस. त्या आहेत अजून?”

“गेल्या गं. दोन-तीन वर्षं झाली.”

“अरेरे. काय झालं होतं?”

“गुडघे. जिना झेपेना.”

आणि कुकरची शिट्टी झाली, आणि मी फोन ठेवला.

डिसेंबरच्या शेवटी कॅलेंडर घरी आलं. मी अर्थातच आधी मार्च उघडला. लेकीचा महिना! चौकोन चौकोन वाचला. एकोणीसला लिहिलं होतं, ‘या भागातील पहिल्या महिला बसचालक यांची जयंती.’ अरे देवा, गेल्या वाटतं बाई! इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू. छापून आलंय म्हणजे खरंच असणार, शिवाय माझ्या लेकीनं तपासलेलं. शेजारणीला सांगितलं, भाजीवाल्याला सांगितलं, कॉलेजच्या दोन मैत्रिणींना फोन करून सांगितलं. सगळ्याच हळहळल्या.

आज सोळा मार्च. आणि आज जेवताना तिच्या बाबांच्या तोंडून सगळं बाहेर पडलं. लेकीनं त्यांना बजावलं होतं, आईला काही सांगायचं नाही, ती महिनाभर झोपणार नाही. दोन आठवडे त्यांनी पोटात ठेवलं, हा त्यांचा विक्रमच. मी फक्त इतकंच म्हटलं की एकोणीसला बिचाऱ्या बसवाल्या बाईंची जयंती. त्यांना ठसका लागला. मग पाणी पिऊन म्हणाले, “बिचाऱ्या नाहीत त्या. चांगल्या ठणठणीत आहेत. छापखान्यात येऊन गेल्या.”

त्यांना नकला छान येतात. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरल्यासारखं करून त्यांनी मला सगळा प्रसंग करून दाखवला, आणि मी हसू आवरत ऐकत होते.

दोन तारखेला, पान उलटल्याच्या दुसऱ्याच दिवशी, एक दणकट बाई काठी टेकत छापखान्यात शिरल्या. “इथे जयंत्या कोण ठरवतं?”

अनुस्वार उभी राहिली. “मी.”

“मग माझी कशी काय ठरवलीस? मी अजून दोन्ही वेळ जेवते.”

मालक खुर्ची घेऊन धावले. “बसा बाई, बसा.”

“बसते की. मेलेल्या माणसानं बसू नये असा काही नियम आहे का?”

यंत्रावरची माणसं तोंडाला फडकी लावून हसायला लागली. बाईही हसत होत्या. म्हणाल्या, काल डेपोतले जुने सहकारी त्यांच्या भाचीचं सांत्वन करायला घरी येऊन गेले, जमिनीकडे बघत. दार बाईंनीच उघडलं. एकानं हातातली फुलं पाठीमागे लपवली. त्याच सकाळी डेपोत त्यांनी बाईंसाठी दोन मिनिटं शांतता पाळली होती. “तीस वर्षं त्यांना ओरडून सांगत होते, दोन मिनिटं गप्प बसा. मरावं लागलं त्यासाठी.”

मग मात्र त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. म्हणाल्या, “गंमत जाऊ दे. मला मूल नाही, बाळ नाही. वर्षातून एकदा, एकोणीसला, जुने प्रवासी फोन करतात. कुणी म्हणतं, बाई, तुमच्या गाडीनं शाळेत जायचो. या वर्षी कोण करणार? तुमचं कॅलेंडर घराघरात आहे.”

मालकांनी माफी मागितली. अनुस्वारनं मागितली. बाईंनी तिला विचारलं, “तुला कुणी सांगितलं मी मेले म्हणून? नाव सांग. चुकीची माहिती देणारा तिसराच कुणी असेल तर मी तुझ्या मालकांकडे शब्द टाकते.”

“कुणी नाही. मीच खात्री केली नाही.”

“कुणीतरी सांगितल्याशिवाय जिवंत माणूस मरतो होय?”

हिनं पुन्हा तेच सांगितलं. शेवटी बाईंनी एका कागदावर आपला नंबर लिहून तिच्या हातात दिला. “ज्यानं सांगितलं त्यानं एकोणीसच्या आत मला फोन करावा आणि मी आहे का ते विचारावं. माझं उत्तर तयार आहे.”

मालकांनी त्याच संध्याकाळी तिचं टेबल हलवलं. आता ती शाळांच्या हजेरीपुस्तकांवर पाननंबर मारते. एक ते शंभर, पुन्हा एक ते शंभर. पुढच्या वर्षाचं काम एप्रिलमध्ये वाटलं जाईल, आणि मालक म्हणाले, तपासल्याशिवाय छापणाऱ्याच्या हाती मी वर्ष कसं देऊ?

“पण पोरीला कुणी सांगितलं असं?” मी विचारलं. माझा घास तसाच हातात होता.

“जिन्यावरून पडून गेल्या असं तिला वाटलं. कुणीतरी म्हणालं म्हणे, गुडघे गेले, जिना झेपेना, बाई गेल्या.”

मला आधी काही कळलं नाही. मग सगळं एकदम कळलं. बाई गेल्या होत्या! तिसऱ्या मजल्यावरचं घर सोडून, सामान टेम्पोत घालून, भाचीच्या तळमजल्यावर राहायला गेल्या होत्या, त्याच शहरात जिथे माझी लेक नोकरी करते. मी ‘गेल्या’ म्हटलं ते टेम्पोतून. तिनं ऐकलं ते वर.

“अहो,” मी म्हटलं, “तुम्हाला माहीत होतं?”

ते ताटात बघत होते. “कुकरची शिट्टी झाली तेव्हा मीही तिथेच होतो ना. मला वाटलं तिला समजलं असेल. आणि कॅलेंडर आलं तेव्हा वाटलं, नंतर खरंच गेल्या असतील. तू तर रडलीस.”

“मग या दोन आठवड्यांत सांगायचं नाही का मला?”

“ती म्हणाली, बाबा, आईचं नाव घेतलं तर मी तुमच्याशी बोलणार नाही. आई मनाला इतकं लावून घेईल की मला नोकरीपेक्षा तिलाच सांभाळावं लागेल.”

हे ऐकून मला हसावं की रडावं कळेना. मी हिची काळजी करते असं मी जन्मभर समजत होते.

घरातली निजानीज झाली आहे आणि मी हे लिहिते आहे. मालकांना फोन करावा असं आधी वाटलं. सांगावं की हिनं खात्री केली होती, आईकडे केली होती, आईनंच घोळ घातला. पण सव्वीस वर्षांच्या मुलीच्या मालकाला आईनं फोन करायचा म्हणजे शाळेत चिठ्ठी पाठवल्यासारखं होईल. छापखान्यात तोंड दाखवायला जागा उरायची नाही तिला. शिवाय तिनं दुसरीकडे कुठेच विचारलं नाही, हे तर खरंच आहे, आणि मालक त्यावर अडले तर ते बरोबरच आहे. तिला विचारून करावं, तर ती ‘ठीक आहे आई, राहू दे’ म्हणणार. तो शब्द मला आता ऐकायचा नाही.

बाईंनी नाव मागितलं होतं. ते सांगायला माझ्या लेकीनं नकार दिला. मला कुणी मनाई केलेली नाही. म्हणजे केली आहे, पण ती तिच्या बाबांमार्फत, आणि लेकीकडून बाईंचा नंबर त्यांनी ज्यावर उतरवून घेतला होता, तो त्यांच्या खिशातला कागद मी मघाशीच काढून घेतला आहे. त्यांनीही शर्ट खुंटीला अडकवताना खिसा माझ्याच बाजूला ठेवला होता.

कॉलेजच्या दोन मैत्रिणी, शेजारीण आणि भाजीवाला यांना उद्या दिवसभरात सांगेन की एकोणीसला बाईंना फोन करा, शुभेच्छा द्या, आणि आवाज ऐकून दचकू नका. पण त्याच्या आधी, उद्या सकाळी सात वाजता, मी स्वतः फोन लावणार आहे. सकाळची पहिली गाडी सोडणारी बाई सातला झोपलेली नसणार. त्या रागावतील, कदाचित मला दोन मिनिटं बोलूही देणार नाहीत. पुढे काय बोलायचं ते काही ठरलेलं नाही. पहिलं वाक्य तेवढं ठरलं आहे. “बाई, तुमच्याबद्दल चुकीचं सांगणारी मी. त्या मुलीची आई.”