अण्णांचा पाय

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगावं असं घरात आता कुणी उरलंही नाही — म्हणून तुम्हाला सांगतोय, की आणखी कशासाठी, माझं मलाच कळत नाही.

संस्थान विलीन होऊन तीन-चार वर्षं झाली होती. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत माझं लहानसं गॅरेज होतं. एका वकीलसाहेबांनी एका सरदारांची जुनी विलायती मोटार विकत घेतली, आणि मोटारीबरोबर तिचा ड्रायव्हरही त्यांच्याकडं आला — गणपतअण्णा. पन्नाशी ओलांडलेला, बायकापोरं नसलेला माणूस. मीही एकटाच. दुपारी गाडी कोर्टाबाहेर लावून ते चालत गॅरेजात यायचे, आणि आम्ही फळकुटावर बसून भाकरी खायचो. फारसं बोलत नसू. पण दिवसभरात माझ्याशेजारी बसणारं दुसरं होतं कोण?

त्या थंडीत गाडी मिसिंग मारू लागली. चालता चालता एखादा सिलिंडर पेटायचाच नाही, इंजिन अडखळायचं, गाडी आचके द्यायची — आणि थोड्या वेळानं आपोआप सुरळीत. अण्णा तीनदा गाडी घेऊन आले. तिन्ही वेळा माझ्यासमोर ती अगदी गुणी पोरीसारखी चालली. प्लग बदलले, पॉइंट घासले, कार्बोरेटर खोलून धुतला. सकाळी धुक्यात आडवी येती, इथं आली की गप बसती, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. मी ऐकलं का? — कान इंजिनाला लावले होते, माणसाला नाही.

मग एका सकाळी गाडी आचका देऊन टांग्यावर गेली. कुणाला लागलं नाही, पण मागं वकिलीणबाई बसल्या होत्या. दुपारी साहेब स्वतः गॅरेजात आले. दोष गाडीत आहे की चालवणाऱ्यात, एवढंच त्यांनी विचारलं. अण्णा तिथंच उभे होते.

मला सापडत नाही — तीन शब्द. तेवढे बोललो असतो तर काय बिघडणार होतं? पण गावात माझ्या हाताचं नाव होतं, आणि ते मला — जाऊ दे. मी काय बोललो ते सांगतो.

"गाडीत काय न्हाय, साहेब. अण्णांचा पाय थरथरतोय क्लचवर."

अण्णांनी खाली वाकून स्वतःच्या पायाकडं बघितलं, बस्स.

आठवड्यात त्यांची नोकरी गेली. मिस्त्रीचा शब्द, गावात दुसऱ्या कुणी त्यांच्या हाती चाक दिलं नाही. ते कुरुंदवाडला बहिणीकडं गेले.

महिन्याभरानं तीच गाडी सर्व्हिसिंगला आली आणि एक रात्र माझ्या दारात उघड्यावर राहिली. सकाळी दवानं ओलीचिंब. चालू केली — मिसिंग. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून उजेडात धरलं. आतून केसाएवढी चीर होती. ओल धरली की प्लगचा करंट त्या चिरेतून भलतीकडं पळायचा. इंजिन तापून झाकण वाळलं की सगळं ठीक. माझ्या दारापर्यंत येईतो ते दर वेळी वाळत होतं. अण्णांचा शब्द न् शब्द खरा होता.

मी झाकण बदललं. साहेबांना सांगितलं, सर्व्हिसिंग झाली.

वर्षभरानं एकदा कुरुंदवाडला गेलो — सांगायचंच म्हणून गेलो. अण्णा ओट्यावर बसले होते. मला बघून त्यांना बरं वाटलं, आणि तेच मला सोसेना. बहिणीनं चहा आणून दिला. अण्णांनी इकडचंतिकडचं विचारलं, मग गाडी कशी चालती म्हणून विचारलं. बरी चालती, म्हणालो. पुन्हा कधी आचके दिले का? — नाही, म्हणालो.

अण्णांनी कपबशी खाली ओट्यावर ठेवली.

"मग माझाच पाय म्हणायचा की," ते म्हणाले.

मला वाटतं, ते विचारत होते. माझ्या तोंडाकडं बघत होते.

"व्हय, अण्णा," मी म्हणालो.

चहा संपवला आणि एस.टी. पकडून परत आलो. पुन्हा गेलो नाही. पुढं दोनेक वर्षांनी ते वारले. त्यांची बहीण बाजारात भेटली तेव्हा सांगत होती, शेवटी शेवटी नदीच्या घाटाच्या पायऱ्याही अण्णा एकटे उतरत नव्हते, पायाचा भरवसा न्हाय म्हणायचे.

पाय धड होता त्यांचा. ते एकट्या मला माहीत होतं.