पाळण्याच्या जागेवरचं ऊन

सदर भागात रेडिओ दुरुस्तीच्या दुकानापुढे जळत्या राळेचा वास आला, की माझा सातवा महिना आठवतो. हे चर्चच्या खिडक्या दुरुस्त करायचे. बाळाआधी पाळणा आणू नये, असं सासूबाईंनी बजावलेलं, म्हणून ह्यांनी उरलेल्या रंगीत काचा शिशाच्या पट्ट्यांत बसवून, राळ लावून डाख देऊन खिडकीसाठी संत्रं केलं. "पाळणा कुठं आणला? काचच तं आहे," हे सासूबाईंना म्हणाले. सकाळी केशरी ऊन नेमकं पाळण्याच्या जागी पडायचं. दवाखान्यातून मी रिकाम्या हातांनी परतले, तेव्हा हे स्टुलावर चढून काच काढत होते. "काहून काढून राहिले? राहू द्या," मी म्हटलं. ते उतरले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. घर अजून तेच आहे. सकाळी फरशीवर ते ऊन पडतं, आणि झाडताना मी त्याला वळसा घालते.